अकरावं वटवाघूळ

चिठ्ठीवरचं अक्षर बाईंचं स्वतःचं होतं, आणि सगळी पंचाईत तिथेच झाली.

दुसऱ्या कुणाचं अक्षर असतं तर त्यांनी त्या माणसाच्या नावाने दोन दिवस बोटं मोडली असती, चूक दुरुस्त केली असती आणि मोकळ्या झाल्या असत्या. पण हा झोकदार 'ळ' आणि ही निळी शाई त्यांचीच. तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या आणि आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची खात्री होती.

संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावर सस्तन प्राण्यांची खोली होती. भिंतीला टेकलेली लोखंडी कपाटं, न उघडणारी एक खिडकी, आणि बरण्यांतल्या स्पिरिटचा वास. तो वास बाईंच्या साड्यांना, पर्सला, डब्यालासुद्धा लागलेला होता. वर्षातून एकदा बरण्या उघडून आटलेलं स्पिरिट भरावं लागे. हे काम खरं तर कुणा मदतनिसाचं, पण मदतनीस निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. मग बाईच एप्रन चढवून ते करत. पूर्वी त्या खोलीत चार माणसं बसायची, आता चार टेबलं आणि एक बाई. पहिल्या मजल्यावरचे लोक त्यांना मागे 'वाघूळबाई' म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना त्याचा रागही नव्हता. निदान वर कुणीतरी आहे हे त्यांच्या लक्षात होतं म्हणायचं.

त्या बरणीत अकरा वटवाघळं होती. मोठी, फळं खाणारी नव्हेत. ही अंगठ्याएवढ्या अंगाची, लांबुडक्या तोंडाची, फुलातला मकरंद पिणारी. अकराही एकाच जंगलात, एकाच मुक्कामात धरलेली, आणि अकरांच्याही पायांना एकाच जातीच्या नावाची चिठ्ठी. स्पिरिट ओतता ओतता एकाचं पोट बाईंना जरा जास्तच पांढरं दिसलं. स्पिरिटमध्ये रंग उतरतो, त्याचं काही विशेष नाही. पण त्यांचा हात थांबला. त्या अकराव्याची कवटी त्या वेळीच काढून वेगळी ठेवलेली होती; तिची काड्यापेटीएवढी डबी त्यांनी खणातून काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

वरच्या बाजूच्या एका लहान दाढेला आतून एक उंचवटा असायला हवा होता. तो नव्हता.

झिजला असेल, म्हणून त्यांनी दुसरी बाजू पाहिली. तिथेही नव्हता. मग व्हर्निअर घेऊन कवटीची लांबी मोजली, पुन्हा मोजली, आणि हातांवर विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी पुन्हा मोजली. आकडा हलला नाही. बाकीच्या दहांपेक्षा ती कवटी लांब होती, तोंड निमुळतं होतं, दात विरळ होते. पंधरा दिवस त्या जगभरच्या संग्रहालयांतली वर्णनं वाचत बसल्या. असं वटवाघूळ कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं.

ही चूक कशी झाली ते त्यांना आठवत होतं, आणि नीट आठवत होतं. त्या संध्याकाळी त्या तंबूत चिठ्ठ्या लिहीत बसल्या होत्या. बाहेरून वनस्पतीवाल्याने हाक मारली, "लवकर या, फूल उघडतंय!" तो झाडांचा अभ्यासक होता, त्याच मोहिमेवर आलेला. उंच, किडकिडीत, बोलताना चष्मा पुसणारा. शेवटचं वटवाघूळ हातात होतं. त्यांनी त्याच्याकडे धड न बघता दहांचंच नाव अकराव्याला लिहिलं आणि पळत गेल्या. पिवळसर पांढरं, वाटीएवढं फूल दोघांनी खांद्याला खांदा लावून उघडताना पाहिलं. मोहीम संपल्यावर त्याची चार पत्रं आली, बाईंनी तीन पत्रांना उत्तरं दिली. मग तो परदेशी गेला, इकडे बाईंची आई अंथरुणाला खिळली. कुणी कुणाला नाही म्हटलं नाही. विचारलंच नव्हतं कुणी.

घरी बाई आणि त्यांचे थोरले भाऊ असे दोघंच राहत. वहिनी जाऊन चार वर्षं झाली होती. दादा अडुसष्टचे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, कानाने कमी. कानातलं यंत्र टेबलाच्या खणात, कारण ते घातलं की कानात मुंगी शिरल्यासारखं वाटतं अशी त्यांची तक्रार. टीव्ही मात्र असा लावत की शेजाऱ्यांनाही बातम्या कळाव्यात.

जेवताना बाई म्हणाल्या, "दादा, मला बहुतेक एक नवीन जात सापडलीय."

"काय साफ केलंस?"

"सापडलीय! वटवाघूळ सापडलंय मला. नवीन."

दादांनी घास खाली ठेवला आणि छताकडे पाहिलं. "मग बाहेर काढलंस ना? चिमे, तुला शंभरदा सांगितलंय, संध्याकाळी खिडकी उघडी ठेवत जाऊ नकोस."

सत्तावन्नाव्या वर्षी बाईंना चिमी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. बाई हसल्या, म्हणाल्या, "काढलं बाहेर." आणि जेवण उरकलं.

रविवारी भाचीचा फोन आला. दादांची ही एकुलती मुलगी दुसऱ्या टोकाच्या शहरात नोकरी करत होती.

"आत्या, भारीच! मग तुझं नाव देणार त्याला?"

"आपलं नाव आपण द्यायचं नसतं."

"का?"

"आपणच आपली पाठ थोपटायची का?"

"मग बाबांचं दे! नाहीतरी दिवसा झोपतात आणि रात्री जागतात," भाची खिदळली. मग म्हणाली, "थांब हं आत्या, दुसरा फोन येतोय, मी करते नंतर." नंतर म्हणजे पुढच्या रविवारी.

एका कवटीवर नवीन जात जाहीर करता येते, पण लोक शंका घेतात. हे एकच विचित्र जन्मलेलं असेल तर? हा नर होता; बाईंना दुसरं हवं होतं, शक्यतो मादी. म्हणजे पुन्हा त्याच जंगलात, ही अकरा ज्याच्याजवळ धरली होती त्या वाटीएवढ्या फुलाच्या झाडाच्या बहरात जायला हवं, आणि ते झाड वर्षातून तीन आठवडे फुलतं. संचालकांनी अर्ज वाचला, बाईंच्या गुडघ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही स्वतः जाणार?" बाई म्हणाल्या, "मग कोण, कपाटं जाणार?" दहा दिवसांची परवानगी मिळाली आणि जंगलखात्याचं दोन नमुने घेण्याचं पत्रही.

सोबतीला एक वनरक्षक दिला होता. निवृत्तीला पाच महिने राहिलेला, जाड मिशांचा. सगळे त्याला रेडिओ म्हणत, आणि पहिल्या अर्ध्या तासातच बाईंना त्याचं कारण कळलं. सकाळी डोळे उघडले की तो सुरू होई तो झोपेपर्यंत. कुठल्या साहेबाला माकडाने थप्पड मारली, कुठल्या वर्षी पूल वाहून गेला, त्याच्या बायकोचं आणि त्याच्या बहिणीचं कशावरून बिनसलं. आपल्या खोलीत दिवसच्या दिवस कुणाचा शब्द कानावर न पडणाऱ्या बाईंना पहिले दोन दिवस डोकं दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज कुठे येत नाही म्हणून त्या राहुटीबाहेर येऊन बघायला लागल्या.

जुना तळ सापडला नाही. तिथे आता रस्ता होता. पण ओढ्याच्या वरच्या अंगाला तीच झाडं होती, त्यांतलं एक फुललेलं. कुबट, जरा नासलेल्या फळासारखा वास लांबूनच आला आणि बाई त्या दिशेने निघाल्या. माणसाला तो वास आवडत नाही. ज्यांच्यासाठी आहे त्यांना आवडतो.

रोज दिवस मावळताना दोघं झाडाजवळ जाळं बांधत. केसाहून बारीक धाग्याचं जाळं, अंधारात वटवाघळालाही चकवणारं. मग डोक्यावरचे दिवे विझवून बसायचं. पहिल्या संध्याकाळी दोन सापडली, नेहमीच्या जातीची. बाईंनी पोटं बघून सोडून दिली. दुसऱ्या संध्याकाळी एक पतंग, एक रागावलेलं घुबडाचं पिल्लू आणि रेडिओची टोपी. असे सहा दिवस गेले. गुडघा सुजून नारळाएवढा झाला.

"मॅडम, नसेलच ते आता," रेडिओ म्हणाला. "सव्वीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली? माणसं राहत नाहीत जागेवर."

"असेल," बाई म्हणाल्या. पण त्यांच्याही मनात तेच आलं होतं.

सातव्या दिवशी नुकतं कुठे कडूसं पडलं होतं. जाळ्याच्या वरच्या कप्प्यात काहीतरी धपकन आदळलं. रेडिओने काठी वाकवून जाळं खाली आणलं. बाईंनी हातमोजा चढवला, गुंता सोडवला, आणि दिवा लावला. पोट पांढरं होतं. स्पिरिटने विटलेलं पांढरं नव्हे, जिवंत, दुधासारखं. बाईंचं काळीज इतकं धडधडायला लागलं की हातातल्या जिवाचं कुठलं आणि आपलं कुठलं ते कळेना.

"आहे!" रेडिओ जवळजवळ ओरडलाच. "मादी आहे का, मॅडम?"

मादीच होती. आणि छातीला चिकटलेला एक राखाडी गोळा होता, डोळे मिटलेला, आईच्या स्तनाला तोंडाने घट्ट धरून. दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू.

रेडिओने पेटी उघडून नमुना मारायच्या औषधाची बाटली आणि कापूस काढून ठेवला. हेच त्याला शिकवलं होतं. मग त्याने पिल्लू पाहिलं आणि सात दिवसांत पहिल्यांदा तो गप्प झाला.

बाईंनी आयुष्यात शेकडो नमुने केले होते. त्यात भावनेला जागा नाही, हे त्या नव्या लोकांना शिकवत, जेव्हा नवे लोक येत तेव्हा. नियमाने परवानगी होती. मादीची कवटी मिळाली असती तर जगात कुणालाही तोंड उघडायला जागा राहिली नसती. आणि हे सगळं डोक्यात स्पष्ट असतानाही त्यांचा हात बाटलीकडे जाईना. "व्हर्निअर द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी हाताचं हाड मोजलं, कान, पाय, नाकावरचं पानासारखं टोक. रेडिओ आकडे लिहून घेत होता, एकेक आकडा दोनदा म्हणून. फोटो झाले. पाठीवरचे पराग चिकटपट्टीवर उतरवून घेतले. पंखाच्या पडद्यातून टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा काढला, तो पडदा महिन्याभरात भरून येतो. मग एवढ्या छळानंतर तिला शक्ती यावी म्हणून बाईंनी ड्रॉपरमध्ये साखरेचं पाणी घेऊन तोंडासमोर धरलं.

तिची जीभ बाहेर आली.

बरणीतल्या वटवाघळांच्या जिभा बाईंनी खूप पाहिल्या होत्या. आक्रसलेल्या, सुतळीच्या तुकड्यासारख्या. ही बाहेर येतच राहिली, निम्म्या अंगाएवढी लांब, गुलाबी, आणि टोकाला केसांचा इवलासा कुंचला. पाणी स्पर्शल्याबरोबर तो कुंचला फुलला. दोन्ही कडांनी दोन पन्हळी होत्या आणि त्यांतून पाणी आपोआप वर चढत होतं, जीभ न हलता. ड्रॉपर रिकामा झाला. तिने ओठ चाटले आणि काळ्या मण्यांसारख्या डोळ्यांनी दिव्याकडे पाहिलं. पिल्लू झोपलेलंच होतं.

बाईंनी हातमोज्याची मूठ उघडली. एक क्षण ती तशीच बसली, मग नव्हती.

"पळालं की हो, मॅडम!"

"पळालं नाही. सोडलं."

रेडिओने कापूस पेटीत ठेवला. मग बाटलीचं झाकण लावत म्हणाला, "माझी थोरली जन्मली तेव्हा एवढीशीच होती. आठव्या महिन्यातली." आणि मग परत सुरू झाला, ते राहुटीपर्यंत.

उरलेल्या तीन दिवसांत दुसरं मिळालं नाही.

परतल्यावर पराग कुठल्या झाडाचे, हे खात्रीने सांगायला तज्ज्ञ हवा होता. त्या झाडांच्या कुळावर जगात तीन माणसं काम करत होती. त्यांतला एक वनस्पतीवाला. बाईंनी आधी दुसऱ्या दोघांना लिहिलं. एकाचं उत्तर आलं नाही, दुसऱ्याने लिहिलं, यातला खरा जाणकार मी नव्हे, तुम्ही त्यांनाच विचारा. मग त्यांनी तीन दिवस घालवून पाच ओळींचं पत्र तयार केलं. 'आपल्याला आठवत असेल' हे शब्द दोनदा घातले, दोनदा काढले. शेवटी राहू दिले.

उत्तर आठवड्यात आलं. पराग त्याच झाडाचे होते. रेखाटन जोडलं होतं, सुबक, मोजमापांसह. खाली लिहिलं होतं, "त्या मोहिमेवर मी होतो खरा. आपण तिथे भेटलो होतो असं आपण लिहिता, त्याबद्दल क्षमस्व, मला उंदरांवर काम करणाऱ्या एक बाई आठवतात, त्या आपणच का? आपल्या संशोधनास शुभेच्छा."

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. उंदरांवर काम करणारं त्या मोहिमेत कुणीच नव्हतं. त्यांनी रेखाटनाबद्दल आभाराच्या दोन ओळी लिहिल्या, उंदरांबद्दल काही लिहिलं नाही. मग बरणीचं झाकण नीट लागलंय का ते उगाच पुन्हा तपासलं आणि त्या दिवशी साडेचारलाच घरी गेल्या. सव्वीस वर्षांत असं त्यांनी बहुधा दुसऱ्यांदा केलं असेल.

वर्णन लिहायला चार महिने लागले. ते दिवस मात्र सुखाचे होते. अशा लिखाणात 'मी' नसतो, 'सुंदर' नसतं, 'बहुधा' जपून वापरायचं असतं. पाठीचा केस तीन रंगांचा: मुळाशी फिकट, मध्ये गडद, टोकाला उदी. पोटाचा पांढरा. दाढेचा आतला उंचवटा नाही. एकेक शब्द असा निवडायचा की शंभर वर्षांनी, दुसऱ्या देशात, ज्याने हा प्राणी कधी पाहिलेला नाही त्याने कवटी हातात घेऊन म्हणावं, हो, हेच ते. नाव त्यांनी पोटावरूनच दिलं, लॅटिनमध्ये 'पांढऱ्या पोटाचं' एवढंच. जिभेवर मात्र त्यांनी पाऊण पान लिहिलं. ते लिहिताना बाहेरचे दिवे लागलेले त्यांना कळले नाहीत.

दोन परीक्षकांनी लेख तपासला. पहिला म्हणाला, दुसरा नमुना हातात असताना सोडून देणं अनाकलनीय आहे. बाईंनी त्याला पंखाच्या तुकड्याच्या तपासणीचा अहवाल पाठवला. जुन्या नराशी तो तंतोतंत जुळत होता आणि बाकीच्या दहांपासून स्पष्ट वेगळा होता. त्याने नाइलाजाने मान्य केलं. दुसऱ्याने सगळ्याची तारीफ केली, फक्त एक सूचना: जिभेचा भाग फार लांबलाय, तीन ओळींत आणावा. बाईंनी तीन ओळींत आणला. उरलेलं त्यांनी पुसून टाकलं, कारण ठेवून करायचं काय?

लेख छापून आला त्या दिवशी संग्रहालयात संचालकांनी हात मिळवला आणि छताच्या गळतीबद्दल विचारलं. बाईंनी त्या कवटीच्या डबीला लाल चिठ्ठी लावली. मूळ नमुन्याला लाल चिठ्ठी लावतात, म्हणजे कपाटाला आग लागली तर ती डबी सगळ्यांत आधी उचलायची. यावेळी अक्षर हळू काढलं. मग त्यांनी रेडिओला फोन लावला. तो निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेला होता. मुलीने फोन घेतला, म्हणाली बाबा झोपलेत, सांगते त्यांना. तिने सांगितलं की नाही, बाईंना कळलं नाही.

आठवड्याने वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छोटी बातमी आली. दादांना ती शेजाऱ्यांनी दाखवली. बाई घरी पोचल्या तेव्हा दादा दारातच उभे होते, कात्रण प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणलेलं. कानात यंत्रसुद्धा होतं.

"चिमे! अगं, बोलायचं नाही का? तिघांना दाखवून आलो मी. तुझं नाव आहे!"

बाईंनी कात्रण हातात घेतलं. नाव होतं, आडनाव चुकलेलं. आणि फोटो भलत्याच वटवाघळाचा होता. कुत्र्यासारख्या तोंडाचं, हातभर पंखांचं, आंब्याच्या झाडाला उलटं लटकणारं असतं ते.

"केवढं मोठं आहे गं," दादा कौतुकाने म्हणाले. "आणि एवढं मोठं आजवर कुणाला दिसलं नाही?"

"नाही दिसलं," बाई म्हणाल्या.

दादांनी ते फ्रिजवर लावलं. दोघं जेवायला बसले. टीव्ही बंदच होता. यंत्र घातलं की त्याचा आवाज त्यांना सहन होत नसे. जरा वेळाने दादा कात्रणाकडे बघत म्हणाले, "मग हे तू पकडलंस कसं? एवढं थोराड?"

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. "दादा, ते हे नव्हे."

"म्हणजे?"

"फोटो चुकलाय. ते अंगठ्याएवढं असतं." आणि त्यांनी अंगठा पुढे धरला.

दादांनी अंगठ्याकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. "मग मी तिघांना काय दाखवलं?"

"असू दे रे."

"असू दे काय? चुकीचं ते चुकीचं." गणिताचा मास्तर जागा झाला होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "सांग नीट. पहिल्यापासून."

बाईंनी सांगायला सुरुवात केली. जाळ्याचं सांगितलं, रेडिओच्या टोपीचं सांगितलं, तेव्हा दादा हसले. वनस्पतीवाल्याचं त्यांनी गाळलं. मादीपर्यंत आल्या, पिल्लापर्यंत आल्या. दादांच्या पापण्या जड झाल्या होत्या, पण ते मान हलवत होते.

"मग सोडलीस तिला?"

"सोडली."

"आणि पिल्लाचं पुढे काय झालं?"

"ते कसं कळणार, दादा? अंधार होता."

दादांनी विचार केला, तसं बरोबरच होतं. त्यांनी यंत्र कानातून काढलं, पुसलं, खणात ठेवलं आणि झोपायला गेले. बाईंनी ताटं उचलली, ओटा पुसला. नळाखाली भांडी धरताना ती जीभ कशी बाहेर येत राहिली ते त्या पुटपुटत होत्या, सगळं पाऊण पान. पाण्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसतं, घरात कुणी जागं असतं तरी.